खोडलेलं वाक्य

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात
एकतीस वर्षं मी लघुलिपी लिहिली.
आता पवईत, काचेच्या एका खोलीत,
जुने निकाल यंत्राला सोलून देते.
तासावर पैसे. चहा फुकट.

सोलणं म्हणजे
माणसं बाजूला काढायची, कारणं ठेवायची.
खोलीला सहा महिन्यांहून जास्त कुलूप: मालकाचा रकाना.
भाडं मनीऑर्डरने, एकही महिना न चुकता: भाडेकरूचा.
खाली, कोण जिंकलं.
कुठलं कारण कुठल्याला भारी पडलं
एवढंच यंत्र गाठीला बांधतं.
साहेबांचा खोकला, पट्टेवाल्याची झोप,
तीन वर्षं सव्वाअकरा वाजलेलं घड्याळ
याला रकाना नाही.

ऋजुता शिकवते, माझ्या भाचीच्या वयाची.
"मावशी, एवढ्याशा कारणांवर जो तरला
त्याच्याहून जास्त कारणांचा माणूस बुडता कामा नये.
बुडवायचाच, तर जुन्यात नव्हतं असं काहीतरी
समोरच्याने दाखवायचं."
मी म्हटलं, हे आमच्या अण्णांना ठाऊक होतं:
उंदरांनी काठीच खाल्ली म्हटल्यावर
काठीला टांगलेल्या घारग्यांचं काय विचारता!
ती इतकी हसली की
त्या दिवसापासून आमच्या फायलींच्या कप्प्याचं नाव 'उंदीर'.

मग मंगळवारी रोझलिन परेरा आली.
म्हणजे तिचा निकाल, मीच टाइप केलेला,
'र' जरा वर उडणारा, माझ्याच मशीनचा.
माझगाव, दुसरा मजला, खोली नऊ.
बाई कुवेतला पोरं सांभाळायला, चार वर्षं कुलूप.
मालक ठक्कर म्हणाले, सोडून गेली.
कोर्टाच्या कमिशनरने कुलूप उघडलं.

साहेब सांगत होते, मी लिहीत होते:
"शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवलेला आढळला.
न परतणारा माणूस दोरा ओवून जात नाही."
थांबले. चष्मा काढला.
"हे खोडा, बाई."
मी खोडलं.
मनीऑर्डरच्या पावत्यांवर रोझलिन जिंकली.

मला वाटायचं, साहेब लाजले.
निकालात ओलावा दिसला तर वरचं कोर्ट हसेल, असं काहीसं.
सुखटणकर साहेब गेले तेव्हाही
स्मशानातून परतताना मी हेच मनात म्हणत होते.

मंगळवारी मात्र राहवलं नाही.
भाडेकरूच्या रकान्यात, पावत्यांच्या खाली,
मी दोरा लिहिला.

पडद्यावर रोझलिनला धरून एक्केचाळीस खटले उभे होते.
उरले चार.

"अगं, मी तर तिची बाजू भक्कम केली!"
"तिची केलीत, मावशी. पण जिंकायला
जितकी जास्त कारणं लागली असं लिहाल
तितक्या कमी लोकांना तो निकाल पुरतो.
आता प्रत्येकाला विचारणार,
तुझा दोरा कुठाय?"

मी सुटलेले सदतीस वाचत गेले.
नळबाजारचा खलाशी इस्माईल तांडेल, बोटीवर अडकलेला.
शिवडीच्या टीबी इस्पितळात चौदा महिने पडलेली अनसूया गुरव.
एक सर्कसवाला, त्याचं नाव नीट उमटलेलंच नाही.
पावत्या सगळ्यांकडे, चुरगळलेल्या, तेलकट,
आणि शिवणयंत्र कुणाकडेच नाही.

"हे खोडा, बाई."
म्हणजे साहेबांना ते सदतीस दिसत होते?
की खरंच नुसते लाजले होते?
विचारायला आता कुणी नाही,
आणि यंत्राला हा प्रश्न घालता येत नाही.

मी दोरा खोडला. दुसऱ्यांदा.
एक्केचाळीस जण परत येऊन उभे राहिले.
ऋजुता चहा आणायला गेली होती.

संध्याकाळी तासांचा तक्ता भरताना
तेवढी वीस मिनिटं मी लावली नाहीत.